कासवीच्या हाती चेंडू

चिंच अजून गोड होती, त्या काळची गोष्ट. रानातल्या पोरींचा टोपलीत चेंडू टाकायचा सामना कोल्हिणींशी बरोबरीत अडला होता आणि सूर्य डोंगराला टेकला की खेळ संपणार होता.

टोपली कर्णधार करकोचीच्या अगदी चोचीसमोर होती, तरी तिने चेंडू हिरमुसलेल्या खारीकडे टाकला.

“ताई, माझा नेम दोनदा चुकलाय!” खार किंचाळली.

“चुकू दे. पुन्हा तुलाच देईन.”

खारीला असा हुरूप आला! ती नेम धरणार, तोच सकाळपासून चालत निघालेली कासवी धापा टाकत टोपलीखाली पोचली. खारीने एकवार करकोचीकडे पाहिलं आणि चेंडू कासवीला दिला.

कासवीने तो पोटाशी धरून इकडेतिकडे पाहिलं. “आता मी कुणाला देऊ गं?”

“अगं, टोपलीला दे!” सगळ्याजणी हसत ओरडल्या.

तिने दिला. मगच सूर्य टेकला.