दिवस खाणारा चोर

"दसरा तोंडावर आला आणि माझ्या अंगरख्याचं कापड अजून जसंच्या तसं?" मानाजीराजे कडाडले. "महिनाभर काय माशा मारत होतास?"

येसबा शिंप्याने मान खाली घातली. माशा मारल्या असत्या तर निदान माशा तरी कमी झाल्या असत्या! त्याने कात्रीला इतक्यांदा धार लावली होती की ती निम्मी झिजली होती. दुकान झाडलं, शेजाऱ्याचं अंगण झाडलं, जुने दोरे रंगवार लावले. राहिलं होतं ते फक्त काम. कापड म्हणजे राणीसाहेबांच्या माहेरचा जरीचा कमखाब, तसा दुसरा तुकडा मिळणे नाही. कात्री उचलली की येसबाला घाम फुटे आणि उद्याचा दिवस फार शुभ वाटू लागे. "आता कापडाला हळदकुंकू वाहा, तेवढंच राहिलंय!" असं बायको सगुणाही म्हणून चुकली होती.

"सरकार, माझे दिवस कुणीतरी चोरून नेतंय," तो पुटपुटला.

"अस्सं? मग तो चोर उद्या दरबारात हजर कर! नाहीतर दुकानाला टाळं ठोक आणि गाव सोड!"

गाव सोडणं काही उद्यावर ढकलता येणार नव्हतं!

दुसऱ्या दिवशी तो खडूने खुणा केलेला कमखाब आणि कात्री घेऊन दरबारात आला. पडद्याआड राणीसाहेब बसल्या होत्या.

"चोर कुठाय?" राजांनी विचारलं.

"इथंच दडलाय, सरकार. आपण या खुणेवर पहिली कात्री चालवा, लगेच बाहेर येईल."

"एवढंच ना!" राजांनी कात्री उचलली, कापडाला लावली. मग हळूच पडद्याकडे पाहिलं. हात थांबला. "खूण सरळ आहे ना रे? उजेडही जरा कमीच आहे. थांब, आधी विडा खातो. नाहीतर असं करू, उद्या सकाळी हात कसा ताजा असतो..."

"धरला!" येसबा ओरडला. "सरकार, सोडू नका त्याला! आपल्या मनगटावरच बसलाय!"

"कोण रे?"

"'बिघडलं तर?' हेच त्याचं नाव! महिनाभर माझ्या घरी जेवला, आज आपल्याकडे पाहुणा आलाय! लोक मला आळशी म्हणतात, सरकार. आळशी माणूस शेजाऱ्याचं अंगण झाडेल का? मी आळशी नाही, चांगला पक्का भित्रा आहे!"

पडद्याआडून हसू फुटलं. राजेही पोट धरून हसू लागले. "काप आता! बिघडलं तर राणीसाहेबांची बोलणी मी खाईन!"

हे ऐकताच येसबाची कात्री अशी सरसर धावली की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"शाब्बास! उद्या खजिन्यातून सोन्याचं कडं घेऊन जा."

येसबाने तिथंच हात पुढे केला. "आजच द्या, सरकार! उद्याच्या भरवशावर राहिलो की माझं काय होतं, ते आपण पाहिलंतच!"

राजे खदाखदा हसले आणि त्यांनी स्वतःच्या मनगटातलं कडं काढून येसबाच्या हातात घातलं.