शहाणी मुलगी

"…आणि रडणं?" शरयूबाईंनी विचारलं.

"पूर्ण बंद," प्रणील म्हणाला. "दिवाळीपासून एकदाही नाही."

बाई समोरच्या खुर्चीतल्या मुलीकडे बघत राहिल्या.

गार्गी चौगुले. सहा वर्षांची, स्वमग्न. पाठ ताठ, पाय जुळवलेले, दोन्ही हात मांडीवर. तिच्या मागे भिंतीला टेकून तिची आई, उज्ज्वला, उभी होती. "बसा ना" म्हटलं तरी बसली नव्हती.

शरयू नाडगौडा यांनी उभा जन्म मिरजेत अशा मुलांना शिकवण्यात घालवला होता. वर्तनोपचार हा शब्दही लोकांना माहीत नव्हता तेव्हापासून. प्रणील शेटे त्यांचा विद्यार्थी. सगळ्यांत हुशार, असं त्याचं स्वतःचं मत होतं, आणि ते खोटं नव्हतं. आता इचलकरंजीत त्याचं स्वतःचं केंद्र होतं. पुण्याच्या परिषदेत तो गार्गीबद्दल बोलणार होता. जाण्याआधी तिला बाईंपुढे आणलं होतं… आशीर्वादासाठी, असं तो म्हणाला.

"बघा तर खरं. गार्गी, माझ्याकडे बघ."

तिने बघितलं. त्याने राजगिऱ्याच्या वडीचा एक तुकडा तिच्या तळहातावर ठेवला.

"गार्गी, बाईंना नमस्कार कर."

तिने हात जोडले आणि पुन्हा मांडीवर ठेवले. आणखी एक तुकडा.

"गार्गी, कशी आहेस?"

"छान आहे."

प्रणीलने बाईंकडे पाहिलं.

"आधी काय करायची?" बाईंनी विचारलं.

"आधी?" तो हसला. "घर डोक्यावर घ्यायची. किंचाळायची, लोळण घ्यायची. डोक्यावर चापट्या मारून घ्यायची, सारख्या."

"डोक्यावर कुठे?"

"कुठे म्हणजे… डोक्यावर."

"हितं," उज्ज्वला म्हणाली. तिने स्वतःच्या उजव्या कानावर हात ठेवला.

"ताई, मी सांगतोय ना."

उज्ज्वलाचा हात खाली आला.

"मग तू काय केलंस?"

"तुम्ही शिकवलंत तेच. रडण्याला भाव दिला की रडणं वाढतं. ती किंचाळली की आम्ही पाठ फिरवायचो. केंद्रातही, घरीही. हात डोक्याकडे गेला की खाली घ्यायचा. शांत बसली की खाऊ आणि कौतुक. ताईंना जड गेलं सुरुवातीला. मध्येच उचलून घ्यायच्या. शेवटी मी त्यांना खोलीबाहेर बसवायला लागलो."

"आणि ती थांबली."

"थांबली."

बाईंच्या घराच्या उजव्या अंगाला तंबोरे बनवणाऱ्यांचं दुकान होतं. तिथे कुणीतरी तार छेडली. गार्गीच्या उजव्या हाताच्या खिडकीतून आवाज स्वच्छ आत आला.

गार्गीने मान वळवली… डावीकडे. तिथे नुसती भिंत होती. ती भिंतीकडे बघत राहिली.

पुन्हा तार वाजली. पुन्हा तिने भिंतीकडे पाहिलं.

बाई उठल्या. गुडघ्यावर हात देत गार्गीच्या शेजारी खाली बसल्या. तिच्या उजव्या कानावरचे केस बाजूला केले, नाक जवळ नेलं. गार्गी हलली नाही.

"उशीला डाग पडतो का हो?" बाईंनी आईला विचारलं.

"पडतोय की. पिवळा. वासबी येतोय. मी सरांना म्हणलं होतं…"

"काय म्हणाले सर?"

उज्ज्वलाने प्रणीलकडे पाहिलं.

"मला वाटलं लाळ असेल," प्रणील म्हणाला.

बाईंनी कानाच्या पाळीला अलगद बोट लावलं. मुलीच्या पायांची बोटं आखडली. हात मांडीवरच राहिले.

"इथं दुखतंय का गं, बाळ?"

गार्गीने प्रणीलच्या मुठीकडे पाहिलं. वडी अजून त्याच्या हातात होती.

"छान आहे," ती म्हणाली.

…

संध्याकाळी कानाच्या डॉक्टरांनी तिला तपासलं. कानामागच्या सुजेवर अंगठा दाबला, आतला पू कापसाने टिपला. गार्गी समोर बघत बसून राहिली.

"मोठी माणसं इथं हात लावू देत नाहीत," डॉक्टर कौतुकाने म्हणाले. "फार शहाणी मुलगी आहे हो तुमची."

उज्ज्वलाने तोंड भिंतीकडे फिरवलं.

कानाचा पडदा केव्हाच फाटला होता. पू हाडापर्यंत गेला होता. शस्त्रक्रिया झाली, जिवाचं भय टळलं. उजवा कान मात्र गेला तो गेलाच.

प्रणील पुण्याला गेला नाही. बरेच दिवस तो कुठेच गेला नाही. मग एका दुपारी बाईंच्या ओसरीवर येऊन बसला.

"तुम्हीच शिकवलं होतं," तो म्हणाला. "दुर्लक्ष कर म्हणून."

"शिकवलं होतं."

"मग?"

"त्याच्या आधी काय शिकवलं होतं?"

प्रणील फरशीकडे बघत राहिला. वर्गातल्या पोरासारखा म्हणाला, "मूल रडलं तर आधी ते का रडतंय ते शोधायचं."

"शोधलंस?"

"मला वाटलं काम टाळायला रडतेय."

"वाटलं…"

आत कुकरची शिट्टी झाली. बाई उठल्या नाहीत.

"मी सोडतो हे काम," प्रणील म्हणाला.

"सोड. तुझी सुटका होईल. ती बसेल तशीच, हात मांडीवर ठेवून."



"मग काय शिकवू तिला?"

"नको."

"शिकवू नको?"

"'नको' शिकव."

प्रणीलने मान वर केली. "बाई, ती नको म्हणायला लागली तर पुढचं काही शिकवता येईल का मला?"

बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या.

…

उज्ज्वलाने पहिल्यांदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा अर्धं उघडलं.

"आता काय राह्यलंय, सर?"

त्याने सांगितलं. ती ऐकत उभी राहिली. तिच्या डोळ्यांत क्षमा वगैरे काही नव्हती. पण मुलीला शिकवणारं जवळपास दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिने त्याला आत घेतलं.

"मी हितंच बसणार," ती म्हणाली. "भाईर जाणार नाही."

"नका जाऊ."

गार्गीला काय आवडत नाही ते त्याने आईला विचारलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. कारलं, शिट्टी, ओला स्पंज. त्याने एकेक वस्तू तिच्यापुढे धरायची. तिने भुवई जरी आक्रसली तरी त्याने तिच्या वतीने म्हणायचं, "नको," आणि वस्तू लगेच दूर करायची, असं ठरलं होतं.

पहिल्या दिवशी त्याने कारल्याची फोड पुढे धरली. भुवई हलली नाही. गार्गीने फोड घेतली, तोंडात टाकली. डोळ्यांत पाणी आलं. तरी चावून गिळली. मग वडीसाठी तळहात पुढे केला.

प्रणील उठून जिन्यात जाऊन बसला. हुंदका बाहेर पडू नये म्हणून त्याने तोंडावर रुमाल धरला. आतून उज्ज्वलाने ते पाहिलं. ती त्याच्याकडे गेली नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. वडी आणली नव्हती.

दिवस गेले, महिने गेले. आधी नुसतं नाक आक्रसलं. मग मान फिरायला लागली. मग एक बोट मांडीवरून उठलं आणि ओल्या स्पंजाला लागून मागे आलं. "नको," प्रणील म्हणाला आणि स्पंज पाठीमागे लपवला. गार्गीने त्याच्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. मग बराच वेळ त्याच्या तोंडाकडे.

पावसाळा उलटून गेल्यावरची गोष्ट. प्रणील नेहमीसारखा आला, चपला काढल्या, तिच्यासमोर सतरंजीवर बसला. पिशवी अजून उघडली नव्हती.

गार्गीने तळहात त्याच्या छातीवर ठेवला आणि ढकललं.

"नको."

तिने स्वतः म्हटलेला तो पहिलाच 'नको'. प्रणील पुढे झुकला. "काय नको, गार्गी? बघ, पिशवी बंद आहे. काहीच नाहीये."

"नको."

"गार्गी, काय…"

"नको! नको! नको!"

आणि ती किंचाळली. हात हवेत फडफडले, टाचा आपटल्या, तोंड लाल झालं. भोकाड पसरून ती रडायला लागली.

उज्ज्वला कणकेच्या हातांनी धावत आली. तिला उचलून घेतलं, उराशी धरलं. आता कुणी पाठ फिरवा म्हणालं नाही. आईसुद्धा रडत होती. रडता रडता म्हणाली, "सर, ती तुम्हांस्नी नको म्हणतीया."

"हो," प्रणील म्हणाला.

तो चपला हातातच घेऊन जिना उतरला.

तिथून थेट मिरजेला गेला. बाई ओसरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं.

"मोठ्याने रडली?"

"मोठ्याने."

"आईने घेतलं?"

"घेतलं."

बाई ताटातले तांदूळ इकडून तिकडे करत राहिल्या.

"बाई, तो शब्द तिला मीच शिकवला."

"हो."

"आता मी परत कधी जाऊ?… की जाऊच नको?"

बाईंनी ताट उचललं आणि आत जायला वळल्या.

"मला का विचारतोस?"