खणातला चपटा माउस

नकाशे कागदावरून संगणकावर आले, त्या काळातली ही गोष्ट. कुमुदिनीबाई घरांचे नकाशे काढत. त्यांच्या टेबलावर एक चपटा माउस होता. दिवसभर बाईंचा हात आपल्या पाठीवर असतो, याचा त्याला फार अभिमान होता.

एकदा बाईंचं मनगट सुजलं. डॉक्टर म्हणाले, "दुखणं थांबलं नाही, तर हे काम सोडावं लागेल." बाईंनी मनगटाला पट्टी बांधली आणि मनगटावर ताण येऊ नये म्हणून उंच पाठीचा, बारा बटणांचा नवा माउस आणला. चपटा खणात गेला.

नव्या माउसने उत्साहाने बाराही बटणांवर बारा कामं घेतली. बाई गोंधळल्या. जिना काढायला गेल्या आणि भिंतच पुसली गेली.

"कुबड्या," खणातून चपटा म्हणाला, "माझी दोनच बटणं, पण कधी भिंत पाडली नाही मी."

नवा हिरमुसला. तेव्हा म्हातारा कीबोर्ड म्हणाला, "बाळा, बाई माझ्याकडे सारखी दोनच कामं मागतात. नक्कल कर आणि चुकलेलं मागे घे. तेवढी तू उचल."

नव्या माउसने ती दोन ठेवली, बाकीची सोडली.

महिन्याभराने खण उघडला. बाई आपल्यालाच न्यायला आल्या, असं चपट्याला वाटलं. बाईंनी मनगटाची पट्टी सोडली, घडी केली आणि त्याच्याशेजारी ठेवली.

चपटा पट्टीकडे बघत राहिला. खण बंद होता होता त्याने हाक मारली, "कुबड्या, हात जड लागला तर बाईंना विचारत जा रे. त्या आपणहून सांगत नाहीत."