शेळीच्या पोटातलं कणीस

फार पूर्वी जनावरांनाही शाळेत बसवायचे, बिचारी. तिथल्या बगळे गुरुजींनी एकदा नवीनच खूळ काढलं. सगळ्यांनी गोल बसायचं आणि मक्याचं एक कणीस फिरवायचं. ज्याच्याकडं कणीस येईल त्यानं मनातलं बोलायचं, बाकीच्यांनी तोंड मिटून ऐकायचं.

त्या दिवशी बेडकीचा जीव टांगणीला लागला होता. तिनं डबक्यात अंडी घातली होती, आणि शाळा सुटली की म्हैस त्याच डबक्यात लोळायला जाणार होती. हे सांगायला बेडकी कणसाची वाट बघत बसली. पण कणीस आधी शेळीकडं गेलं आणि शेळीनं ते खाल्लं. शेळीच्या पुढ्यात कणीस ठेवणाऱ्या मास्तरला काय म्हणावं!

"नियम म्हणजे नियम," गुरुजी म्हणाले. "कणीस अजून शेळीकडंच आहे. बोल शेळी, मनात काय आहे?"

"आणखी एक मिळंल का?" शेळी म्हणाली.

बेडकीनं टुणकन उडी मारली आणि शेळीच्या पोटाला जाऊन चिकटली. "गुरुजी, आता कणीस माझ्याजवळ आहे! म्हशीताई, त्या डबक्यात माझी अंडी आहेत. तिथं नका हो लोळू."

"अगं बाई! मग सकाळीच का नाही सांगितलंस? शेजारीच तर बसलेय मी."

"कणीस कुठं होतं माझ्याकडं?"

म्हैस त्या दिवशी धुळीतच लोळली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी कणसाऐवजी दगड घेऊन आले. पण त्यांनी तो खाली ठेवायच्या आधीच म्हैस बेडकीला विचारत होती, "अंडी बरी आहेत ना गं?"