चोथा कुठं गेला

डोंगराच्या कुशीत सतरा घरांचा एक एवढासा पाडा होता. तिथं भागी नावाची पोर राहायची. वय आठ, पुढचे दोन दात पडलेले, आणि अंगात ठिगळांचा परकर. लाल ठिगळ, हिरवं ठिगळ, हळदीसारखं पिवळं ठिगळ. लांबून वाटायचं फुलपाखरूच चाललंय. जवळ गेलं की कळायचं, यातला मूळ परकर कुठला ते त्या परकरालाही आठवत नसेल.

भागीची आई पारू नाचणीची दारू करायची. दारूच ती, आडून कशाला सांगू. पण फिकी, आंबूसगोड, मोठ्या माणसांनी सणाला वाटीभर प्यायची. तुम्हाला नाही मिळायची, तेव्हा उगाच ओठ चाटू नका.

नाचणीला मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, शिजवायचे, रांजणात आंबवायचे आणि मग फडक्यात घालून पिळायचं. पेय गेलं मडक्यात. फडक्यात उरला तो चोथा. ओला, तपकिरी, आणि हा एवढा. पहिल्या दिवशी त्याला गरम भाकरीसारखा वास येतो. दुसऱ्या दिवशी ताकासारखा. तिसऱ्या दिवशी नाक घरी ठेवून यावं.

पारू दरवेळी हा चोथा डोक्यावरून टेकडीपलीकडं नेऊन टाकायची. पण यंदा उकळतं पाणी तिच्या पायावर सांडलं. पाय भाजला, ती बाजेला खिळली. सुगीचा सण पाच दिवसांवर, अर्धी दारू अजून करायची राहिलेली, आणि मागच्या अंगणात चोथ्याचा ढीग घों घों करायला लागला. म्हणजे माश्या करायला लागल्या.

नाकाला उपरणं लावून पाड्याचा रामा कारभारी आला.

"पारूबाई, वासानं माझी म्हैस पाणी पीत नाही," तो म्हणाला. "आज दिवस मावळेपर्यंत हे साफ झालं नाही, तर रांजण पालथे करीन. सणाची दारू खालच्या पाड्यातून आणू."

पारू बाजेवरून उठायला गेली, पण पाय टेकवेना. रांजण गेले की मायलेकींची चूलच गेली, दुसरं काय होतं त्यांच्याजवळ? भागीनं आईच्या पायावर फुंकर घातली, टोपली भरली आणि निघाली.

टेकडी उंच, टोपली जड. भागी अर्ध्या वाटेत झऱ्यापाशीच थकली. म्हटलं, इथंच पाण्यात ओतावं, कोण बघतंय. पाण्यात पाय घातला, तर तांदळाएवढे चिमुकले मासे तिच्या बोटांना गुदगुल्या करायला लागले. रुपेरी, लुकलुकते.

"तुमच्या घरात कशी टाकू रे मी ही घाण?" भागी म्हणाली आणि टोपली परत डोक्यावर घेऊ लागली.

तेवढ्यात कुड्याच्या पांढऱ्या फुलातून कुणीतरी जांभई दिली. फूल उघडलं, आणि आतून बोटभर उंचीची परी बाहेर आली. चतुर किड्यासारखे पंख, निळे-जांभळे, उन्हात लखलखणारे. कानात दवाचे डूल.

"टाकलं असतंस तर मी चिमटा काढणार होते," परी म्हणाली. "हुकला माझा चिमटा. जा, तीन इच्छा दिल्या."

भागीनं टोपली खाली ठेवली.

"अगं, हरखू नकोस, नियम ऐक," परी म्हणाली. "मी कुठलीही गोष्ट नाहीशी करत नाही. मला येतच नाही ते. मी फक्त इकडची तिकडं हलवते. कुठं ठेवायची ते तू सांगायचं. आणि सगळं आज सूर्य मावळायच्या आत. शिळी इच्छा आंबते, मग तिला तुमच्या चोथ्यापेक्षा घाण वास येतो."

भागीला कुठला दम. "परीबाई, आमच्या अंगणातला सगळा चोथा उचला."

"कुठं ठेवू?"

"कुठंही ठेवा. आमच्या घरापासून लांब."

"कुठंही?" परीनं डोळे मिचकावले. "बरं बाई."

सोनेरी चुरा भुरभुरला, एक मंजुळ किणकिण झाली. भागी धावत घरी आली, तर अंगण सारवल्यासारखं लख्ख. टोपलीसुद्धा रिकामी. ती आनंदानं दोन गिरक्या घेणार होती, एकच झाली, कारण पाड्याच्या वरच्या टोकाला आरडाओरडा सुरू झाला.

कारभाऱ्याच्या अंगणात पुरुषभर उंच चोथा पडला होता. त्याचं वाळत घातलेलं धोतर त्यात होतं, पागोटं त्यात होतं, आणि ढिगाच्या टोकावर त्याचा कोंबडा उभा राहून सगळ्यांना बांग देत होता.

"हे हौसाचंच काम," कारभारी म्हणत होता. "परवाच माझ्याशी भांडली ती. ऐक गं हौसा, यंदा सणाला तुझ्या दारात ढोल थांबायचा नाही."

हौसा म्हणजे पाड्यातली सगळ्यात भांडकुदळ बाई. भागीचा कान तिनं किती वेळा पिळला होता, मोजणंच सोडून दिलं होतं भागीनं. ही हौसा आज एक शब्द बोलेना. वर्षातून एकदा ढोल दारात थांबायचा, तेवढंच तिच्या दारात कुणी थांबायचं. तिनं पदर तोंडाला लावला.

भागी गप्प राहिली असती तर? कुणाला कळलं नसतं. तुम्ही काय केलं असतं ते मला सांगू नका, मला माहीत आहे.

"कारभारीकाका," भागी पुढं झाली, "हौसामावशीनं नाही टाकला. आमचा आहे. मी परीला उचलायला सांगितलं आणि कुठं ठेवायचा ते नाही सांगितलं."

सगळी माणसं हसली. कारभारी नाही हसला. त्याचं पागोटं होतं ना आत.

"मग सांग तुझ्या परीला, ने म्हणावं परत."

भागीनं विचार केला. इकडून हलवला की तिकडं पडणार. तिकडं कुणाचं तरी अंगण असणार, नाहीतर कुणाचं पाणी. ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी टोपली भरायला लागली.

कोंबडा खाली उतरला आणि चोथा टिपायला लागला. मागून त्याचा सगळा कुटुंबकबिला आला.

"अहो, बघा तरी," कारभारीण नवऱ्याला म्हणाली. "मी दाणे घालते तर या तोंड फिरवतात. राहू दे गं भागी, दोन टोपल्या माझ्या कोंबड्यांना."

"म्हशीलाही घाल," हौसा पदराआडून म्हणाली. "घमेलंभरच. जास्त घातलास तर पोट फुगेल तिचं." मग पदर खाली आला आणि आवाज नेहमीच्या जागी गेला. "आणि तुम्ही बघत काय उभ्या राहिलात? माझ्या माहेरी चोथा कुणी टाकत नव्हतं. ताजा असेल तो पातळ पसरून वाळवायचा, दळायचा, दोन वाटे पीठ नि एक वाटा हा. भाकरी अशी खमंग होते, की कालवण विसराल. जो आंबलाय तो खड्ड्यात. त्यावर सुका पाला, त्यावर माती, पुन्हा चोथा, पुन्हा पाला. वास येत नाही. त्यावर भोपळा लावा, नि भोपळा उचलायला मला बोलवा."

मग काय, सतरा घरांच्या सतरा टोपल्या निघाल्या. खड्डा झाला, पाला आला. उरला ताज्या चोथ्याचा ओला गोळा. ऊन उतरायच्या आत तो वाळत पडायला हवा होता. भागीनं हळूच परीला हाक मारली.

"वरच्या कातळावर ठेवा," ती म्हणाली. "एक बोट जाड. पायवाट सोडून. मुंग्यांच्या वारुळावर नको. आणि काकांचं धोतर त्यातून काढून."

"केवढ्या त्या अटी," परी कुरकुरली. पण क्षणात तापलेल्या कातळावर चोथा पसरला, सोन्याच्या गालिच्यासारखा, आणि धोतर कारभाऱ्याच्या डोक्यावर येऊन बसलं. आता कुणी हसलं नाही, म्हणजे तोंडावर हसलं नाही. सगळ्यांनी परी बघितली होती.

कारभाऱ्यानं धोतर काढलं, खाकरला. "रांजण राहू दे. इथून पुढं ज्या दिवशी दारू पिळाल त्याच दिवशी प्रत्येक घर टोपली घेऊन येईल. पण पारू तर उभी राहू शकत नाही. सणाची दारू करणार कोण?"

सूर्य डोंगराला टेकला होता. परी भागीच्या खांद्यावर बसली. "एक उरली आहे. लवकर, तिला आंबूस वास सुटलाय."

"आईच्या पायातली आग हलवता येईल?"

"येईल. कुठं ठेवू?"

भागीनं कातळाकडं बघितलं, झऱ्याकडं बघितलं. कातळाला पाय नाही, झऱ्याला मासे आहेत. तिनं आपला इवलासा पाय पुढं केला. "इथं ठेवा."

परी खांद्यावरून वाकून त्या पायाकडं बघू लागली.

"अगं कार्टे," हौसा म्हणाली, "चोथा सतरा टोपल्यांत गेला नं? मग ही एका पायात कशाला?" आणि तिनं आपला भेगाळलेला पाय भागीच्या पायाशेजारी ठेवला. कारभारणीनं ठेवला. ढोलवाल्यानं ठेवला. पोरांनी ठेवले, काहींनी दोन्ही. सगळ्यात शेवटी, इकडंतिकडं बघत, कारभाऱ्यानं अंगठा पुढं केला.

परी वर उडाली. पंखांतून गुलाबी, केशरी, मोतिया उजेड झिरपायला लागला, आणि सगळ्या पायांवर एकदम पडला. मुंगी चावावी तेवढी आग प्रत्येकाला झाली. साऱ्या पाड्यानं एकदाच एका पायावर उडी मारली. उडी खाली येईतो परीचा नुसता उजेड उरला होता, मग तोही संध्याकाळच्या आभाळात मिसळून गेला.

खालच्या घरातून पारू चालत आली. अनवाणी, दोन्ही पाय टेकवत.

सण झाला. चोथ्याच्या भाकरी झाल्या, ढोल हौसाच्या दारात इतका वेळ थांबला की तिनंच शेवटी ओरडून हाकलला. कारभारी मात्र पुढं महिनाभर लंगडत होता. माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त आग आली, असं तो भेटेल त्याला सांगायचा. सकाळी उजव्या पायानं लंगडायचा, संध्याकाळी डाव्या.