पुतिकचा शेवटचा धडा

"म्हणजे पुतिक पुन्हा नापास?" डॉक्टर सौमित्रचा आवाज चढला.

"पुन्हा," इबू रुसमी म्हणाल्या.

बोर्निओच्या जंगलाला लागून अनाथ ओरांगउटानांची ती शाळा होती. झाडावर चढणं, फळ ओळखणं, निजायला फांद्यांचं घरटं बांधणं, हे सारं आईनं शिकवायचं. ज्यांच्या आया माणसांनी मारल्या, त्यांना इथं माणसंच शिकवत. 'इबू' म्हणजे तिकडच्या भाषेत आई. सत्तरीच्या रुसमींना सगळेच इबू म्हणत.

शेवटचा धडा सापाचा. वाटेत रबराचा साप ठेवायचा. सांभाळणाऱ्यानं घाबरून पळायचं. ते पाहून पिल्लानं झाड गाठायचं. तीनदा चुकलेलं पिल्लू जन्मभर पिंजऱ्यात राही. पुतिक दोनदा चुकली होती.

तिला सौमित्रनं आठ महिने बाटलीनं दूध पाजलं होतं. जीव टांगणीला लागला होता, पण ताठा काही जात नव्हता. वर्ध्याकडे नागाला हातानं उचलणारा डॉक्टर म्हणून त्याचं नाव होतं ना!

"साप नीट दिसत नाही तिला. दुसरा मागवा."

"ती सापाकडे बघतच नाही."

"मग?"

"तुझ्या तोंडाकडे बघते... आणि तू हसत असतोस."

सौमित्र पुटपुटला, "रबराला घाबरायचं म्हणजे पोरखेळ आहे, इबू."

इबू दुसरं एक पिल्लू सोबत घेऊन वाटेनं निघाल्या. साप दिसताच अशी किंकाळी फोडली, की स्वयंपाकघरातली माणसं बाहेर धावली. एक चप्पल चिखलात रुतली, डोक्यावरचा रुमाल काट्यांत फाटला, आणि म्हातारी थेट झाडावर! पिल्लू तिच्याही आधी शेंड्यावर पोचलं होतं.

सौमित्र बघतच राहिला. मागच्याच आठवड्यात याच बाईंनी तांदळाच्या पिंपामागचा जिवंत नाग काठीनं उचलून लांब नेऊन सोडला होता. न बोलता, न घाबरता. आणि रबरी सापासाठी असं किंचाळणं, एकोणीस वर्षं, रोज! त्याला मनापासून कौतुक वाटलं, आणि स्वतःची थोडी लाजही.

तिसऱ्या परीक्षेला व्हरांड्यात शहरातले पाहुणे कॅमेरे घेऊन बसले होते. काय करायचं ते सौमित्रनं पाठ केलं होतं. दोन पावलं मागं, मग ओरडायचं.

वाटेवर रबरी साप दिसला. पुतिकनं सौमित्रच्या तोंडाकडे पाहिलं. पाहुण्यांसमोर त्याला ओरडवेना. पुतिक पुढं सरकली. तिचा तांबूस, इवलासा हात सापाच्या तोंडाशी गेला...

सौमित्र किंचाळला. पाठ केलेलं सगळं विसरून, पोटातून किंचाळला आणि पळताना चिखलात तोंडावर आपटला.

व्हरांड्यात हशा पिकला.

त्यानं मान वर केली. पुतिक दिसेना. मग खूप उंचावर पानं हलली.

इबू येऊन शेजारी चिखलातच बसल्या. सौमित्रनं तोंडावरचा चिखल पुसला.

"मी नाटक करणार होतो, इबू... हे काय झालं मला? साप तर रबराचा होता!"

इबू वर, हलणाऱ्या पानांकडे बघत होत्या.

"पिल्लू रबराचं नव्हतं ना रे."