भिंतीवरचं भोपळ्याचं बी

एका घरात भागाबाई आणि तिचा नवरा तुळाजी राहायचे, अन् त्यांच्यासोबत एक रागीट खुरपं आणि एक खादाड कोंबडी. भागाबाईनं दुधी भोपळ्याचं बी शेणात थापून भिंतीला चिकटवलं होतं. घरात तेवढंच बी उरलेलं.

चैत्रात एके दिवशी ती पाण्याला गेली, अन् चहाची तलफ आलेला तुळाजी गोवरी समजून तेच शेण काढून चुलीकडं निघाला.

“अगं बया, बी जळतंय की!” खुरपं ओरडलं. “कोंबडे, धाव!”

“का म्हणून? वाफ्यात पाय टाकला की तूच बोंबलतंस ना?”

“दोन दाणे खा, पण धाव बाई!”

कोंबडीनं तुळाजीच्या हातावरच झेप घेतली. शेण न्हाणीच्या ओलीत पडून फुटलं. तिनं दोन दाणे गिळले अन् तिसऱ्याकडं मान वळवली.

“बोली काय ठरली?” खुरपं गुरगुरलं.

“नुसती बघत होते!” म्हणत तिनं उरलेलं बी पायानं मातीत लोटलं.

भागाबाई तुळाजीवर कावली, पण वेल छपरावर चढला. भोपळे एवढे लागले की गावभर वाटले. अन् वेलाच्या सावलीत पिल्लं घेऊन बसलेल्या कोंबडीला कुणी कधी हुसकलं नाही, खुरप्यानंसुद्धा.